कॅसेटवर नाव कोणाचं?



२०२५ च्या आठ मार्चला आमच्या मेळाव्यात एक लहानसं भांडण झालं. भाषणं आटोपली होती, जेवणं व्हायची होती आणि मधल्या वेळात नेहमीप्रमाणे जुन्या बायांनी गाणी धरली. गेली पस्तीस-छत्तीस वर्षं धरतात तीच, आणि त्याच क्रमानं. एक संपलं की पुढचं कुठलं येणार हे मांडवातल्या प्रत्येकीला ठाऊक, टाळी कुठं थांबायची तेही ठाऊक. आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती माझ्या शेजारी बसली होती. पंचविशीची पोर, वडवणीकडच्या गावांत आशाताईंबरोबर फिरते. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, किती वर्षं तेच? तुमची ही कॅसेट कधी संपणार?"

मला राग आला. मीही काहीतरी टोचून बोलले. जेवताना ती माझ्याजवळ बसली नाही.

कॅसेट हा शब्द तिनं टोमणा म्हणून वापरला होता. खरोखरीची एक कॅसेट आहे, ती माझ्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली आहे आणि ती सगळी गाणी त्याच क्रमानं तिच्यावर आहेत, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिचा जन्म झाला तेव्हा ती कॅसेट दहा-अकरा वर्षांची होती.

नव्वद मिनिटांची कॅसेट. एका बाजूला 'मुलगी झाली हो'मधली गाणी. ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं हे नाटक मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली उभं केलं. पुढं त्याचे हजारो प्रयोग झाले आणि दुसऱ्या भाषांतही ते गेलं. आजच्या मुलींना हे नाव सांगितलं तर त्यांना २०२० साली सुरू झालेली टीव्हीवरची मालिका आठवते, त्याला इलाज नाही. आमच्यापर्यंत ते नाटक आधी आलं ते आवाज होऊनच. कोणीतरी मुंबईहून टेप आणली, तिच्यावरून कोणीतरी उतरवली, तिच्यावरून आम्ही उतरवली. उतरवलेल्याची उतरवलेली. खरखर इतकी, की पहिल्यांदा ऐकताना गाणं चाललंय की पाऊस पडतोय ते कळेना. पण बीडसारख्या जिल्ह्यात, जिथं बाईनं भजनाशिवाय आणि लग्नातल्या गाण्याशिवाय दुसरं काही मोठ्यानं म्हणायचं नसतं, तिथं मुलगी झाली हे ओरडून सांगणारं नाटक आहे आणि ते बायाच करतात, एवढं ऐकूनच आमच्या अंगावर काटा आला होता.

दुसरी बाजू आमची. १९८९ सालचं आमचं शिबिर, पावसाळा संपत आलेला, दसरा जवळ. म्हणजे उसाला जाणाऱ्या बाया अजून गावातच होत्या. एका शिक्षिकेनं घरचा टेपरेकॉर्डर आणला होता, त्यात सहा मोठे सेल घालावे लागत. रात्री दिवे गेले आणि अंधारात बायांना गाण्याचा धीर आला. कोणी ठरवलं नव्हतं. कोणाचा तरी हात लाल बटणावर गेला. त्यामुळे पहिल्या गाण्याची पहिली ओळ टेपवर नाहीच. मधे एक तान्हं रडतं, कुत्री भुंकतात, टाळ्यांबरोबर बांगड्या वाजतात. एक बाई पुढं म्हणते आणि बाकीच्या मागून. तिसऱ्या कडव्याआधी ती पुढची बाई खोकते.

आता यातली गंमत सांगते. आमच्या बाया आजही ते गाणं म्हणताना तिसऱ्या कडव्याआधी थांबतात. ज्यांनी ती टेप जन्मात ऐकली नाही, ज्या त्या वेळी जन्मल्याही नव्हत्या, त्यासुद्धा थांबतात. खोकल्याची जागा गाण्यात कायमची राहिली. त्या टेपच्या पुढं किती प्रती झाल्या याची गणती नाही. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, तुटली की नखाएवढी चिकटपट्टी लावायची. एकजण ती कोल्हापूरकडं फडावर घेऊन गेली. कोपीत रात्री टेप लावली तर शेजारच्या कोप्यांतल्या जालन्याकडच्या बाया येऊन बसल्या आणि हंगाम संपेपर्यंत गाणी शिकून गेल्या. पुढं आम्ही चांगली टेप काढली. साथीला पेटी आणि ढोलकी, गाणाऱ्या तालमी करून आलेल्या, सगळं स्वच्छ. ती कोणी मागितली नाही. "ती खोकल्याची द्या," असंच म्हणायच्या.

आमच्या ओळखीचे एक कवी तेव्हा म्हणाले होते, "बाई, ही गाणी नव्हेत, घोषणा आहेत. चार वर्षांत कोणाच्या लक्षातही राहायच्या नाहीत." प्रचारकी हा शब्द तेव्हा फार चालायचा. त्यांची कविता मात्र आता मला आठवत नाही. हा माझा कोतेपणा असेल, पण आहे.

भाच्याची गोष्ट इथं सांगायला हवी. भावाचा मुलगा, पुण्यात चाकणला कारखान्यात नोकरी करतो, चाळिशीचा आहे. २०२५ च्या जुलैत मी दवाखान्याच्या कामासाठी त्याच्याकडं राहिले होते. एका सकाळी पाहते तर हा डोळे पुसतोय. म्हटलं काय झालं, तर म्हणाला, "आत्या, ऑझी गेला." ऑझी ऑस्बर्न, इंग्लंडमधल्या ब्लॅक सॅबथ नावाच्या बँडचा गायक, २२ जुलैला वारला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला बर्मिंगहॅम या आपल्या गावी त्यानं शेवटचा कार्यक्रम केला होता, मूळचे चारही जण पुन्हा एकत्र येऊन. भाच्यानं मग कपाटातून एक मोठी काळी तबकडी काढली. त्यांची पहिली, १९७० च्या फेब्रुवारीत आलेली. भिंतीवर देवाचा फोटो लावावा तशी ती जपून ठेवली होती. ती वाजवायचं यंत्र त्यानं खास त्या एका तबकडीसाठी घेतलं, असं सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

ऐकवली त्यानं मला. सुरुवातीला पाऊस आणि देवळातल्यासारखी घंटा, मग असा काही जड, भीतीदायक आवाज, की माझ्या आवडीचं ते काही नव्हे. पण तो जे सांगत होता ते मी ऐकत गेले. ही चारही पोरं कामगारवस्तीतली. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतरा वर्षांचा असताना यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला लागला. आपल्याकडं कोयत्यानं बोट गेलेल्या बाया काय कमी आहेत! त्यामुळे हे ऐकताना मी सावरून बसले. ती सगळी तबकडी १९६९ च्या ऑक्टोबरात एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. जसं वाजवलं तसं ठेवलं, पुन्हा पुन्हा घासूनपुसून घ्यायला पैसेच नव्हते. समीक्षकांनी तेव्हा तिला नावं ठेवली. लोकांनी मात्र डोक्यावर घेतली आणि पंचावन्न वर्षांनी चाकणच्या कारखान्यात पाळी करणारा माझा भाचा तिच्यासाठी डोळे पुसत होता. त्या बँडनं पुढं याहून सफाईदार तबकड्या काढल्या, हे तोच सांगत होता. "पण आत्या, पहिली ती पहिली."

मला आमची खोकल्याची टेप आठवली आणि भाच्याबद्दल एकदम माया वाटली. आठ मार्चला त्या पोरीनं मला जे विचारलं ते मीही त्याला विचारू शकले असते. किती वर्षं तेच?

मग मी त्या तबकडीचं वेष्टन हातात घेतलं. पुढच्या चित्रात नदीकाठची एक जुनी पाणचक्की आहे, आणि तिच्यासमोर, वाळल्या झुडपांत, काळा झगा घातलेली एक बाई उभी आहे. चेहरा फिकट हिरवट. मी विचारलं, "ही कोण?"

त्याआधी अर्धा तास हा मुलगा मला ढोल वाजवणाऱ्याचं नाव, स्टुडिओचं नाव, तारीख, पाणचक्की कुठल्या गावची, असं सगळं घडाघडा सांगत होता. माझ्या प्रश्नावर जरा अडखळला. मग म्हणाला, की पन्नास वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. तऱ्हेतऱ्हेच्या कथा होत्या. कोणी म्हणायचे ती चेटकीण, कोणी म्हणायचे फोटो काढताना तिथं कोणी नव्हतंच, ती नंतर उमटली. २०२० साली कुठं छापून आलं, की तिचं नाव लुइसा लिव्हिंगस्टन. जिवंत बाई. फोटोसाठी पैसे घेऊन उभं राहायचं काम करणारी एक मुलगी. थंडीत भल्या पहाटे तिला तिथं नेऊन उभं केलं होतं. एवढंच.

लाखो लोकांच्या घरात तिचा फोटो. त्यांनी बोटाच्या टोपणांची बाटली कुठल्या साबणाची ते शोधून काढलं. बाईचं नाव पन्नास वर्षं अडलं नाही. नाव नसलेल्या बाईचं भूत नाहीतर चेटकीण करायला माणसांना वेळ लागत नाही, मग ते बीड असो की बर्मिंगहॅम.

हे वाक्य मी भाच्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. तो हसला आणि म्हणाला, "आत्या, तुमच्या टेपवर गाणारी ती कोण?"

घरी परतल्यावर कपाट उघडलं. कॅसेटवर माझ्याच अक्षरात निळ्या शाईनं लिहिलंय. 'बायांची गाणी. शिबिर. १९८९.' खाली काही नाही. त्या शिबिराची फाईलही मी शोधून काढली, कारण असल्या गोष्टी आम्ही जपून ठेवतो. उपस्थिती चौसष्ट. चहाचा खर्च, सतरंज्यांचं भाडं, एस.टी.चे पैसे. मार्गदर्शन करायला आलेल्या पाहुण्यांची नावं पदव्यांसकट. गाणाऱ्या बायांबद्दल एक ओळ आहे. 'रात्री महिलांनी उत्स्फूर्तपणे गाणी सादर केली.' अहवाल माझाच.

खोकणाऱ्या बाईचा चेहरा मला आठवत नाही. अंधार होता हे खरं. सकाळी उजाडलं होतं, हेही खरं.

यात आम्हीच एकट्या होतो असं नाही. ज्या काळात ही टेप झाली तो काळच कॅसेटींचा. परळीच्या जत्रेत, बीडच्या स्टँडवर, चौदा एप्रिलच्या आधी तर जागोजाग कॅसेटींची दुकानं लागत. वेष्टनावर गायकाचा फोटो, मोठ्या अक्षरात त्याचं नाव आणि शेवटी 'आणि पार्टी'. त्या पार्टीत कोण असायचं? मागं झील धरणाऱ्या बाया असायच्या. कधी दुगाण्यातलं बाईचं अर्धं गाणं असायचं. ऐकणाऱ्यांना आवाज पाठ, नाव 'आणि पार्टी'. बाजाराच्या कॅसेटीवर आम्ही टीका करायचो, द्वयर्थी गाण्यांविरुद्ध निवेदनंही दिली. पण आमच्या कॅसेटवर 'आणि पार्टी' एवढंसुद्धा नव्हतं.

वेगळं करता येत नव्हतं का? आमच्याच जिल्ह्यात ते झालंय, म्हणून माझ्या सबबी टिकत नाहीत. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायांच्या ओव्या गोळा करायचं काम कैक वर्षं केलं. त्यांचे ध्वनिमुद्रण करणारे सहकारी बर्नार्ड बेल. लाखावर ओव्या जमल्या. भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. त्या कोणी गायल्या ते आज कोणीही सांगू शकतं, कारण राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार अशी नावं ओवीगणिक लिहून ठेवली आहेत, गावासकट. २०१७ पासून 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या ओव्या लोकांसमोर आणतोय आणि प्रत्येक ओवीखाली तिच्या गाणारणीचं नाव छापतोय. त्या कामाची शास्त्रीय बाजू मला फारशी कळत नाही. पण ओवी ही सगळ्यांची, तिला कुठला आलाय कर्ता, असं आम्ही ज्या सहजपणे म्हणून टाकायचो ते त्यांनी म्हटलं नाही. ओवी सगळ्यांची, आणि आज ती राधाबाईंनी गायली. दोन्ही खरं. अंबाजोगाईच्या शैलाताई लोहियांनीही बायांच्या लोकगीतांचा अभ्यास केला होता. आमच्याजवळच एवढी माणसं हे सांगत होती. आम्हाला मात्र तेव्हा वाटायचं, की चळवळीत नाव कशाला? नाव म्हणजे मीपणा. 'आम्ही बाया' म्हणायचं. ते सुंदर होतं, मी त्याची टिंगल करणार नाही. पण पाहुण्यांच्या पदव्या आम्ही गाळल्या नव्हत्या.

आणि ती खोकणारी बाई काय गात होती ते एकदा सांगते. ते नाटकातलं गाणं नव्हे, तिनं तिथल्या तिथं बांधलेलं. ओवीच्या चालीवर धरून पुढं वेगानं नेलेलं. गाण्याचा विषय मुकादमाची वही. तुम्ही बीडच्या नसाल तर सांगायला हवं, ऊसतोडीला माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांची उचल एकत्र, ती द्यायची नवऱ्याच्या हातात, वहीवर नाव त्याचं. पहाटे अंधारात उठून स्वयंपाक करणारी, मग ऊस साळणारी, मोळ्या बांधणारी, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणारी बाई त्या वहीत नसते. आमच्या टेपवरची बाई नेमकं हेच गाते, की एवढं तोडलं, एवढं बांधलं, एवढं वाहिलं आणि वहीत मी कुठाय? प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाकीच्या मागून विचारतात, कुठाय? हे गाणं आम्ही छत्तीस वर्षं म्हटलं. मुकादमाला जाब विचारत म्हटलं. आणि कॅसेटवर तिचं नाव लिहिलं नाही.

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, मी आणि तीच तरुण कार्यकर्ती निघालो. भांडण मिटवायला मीच तिच्याकडं गेले होते, टेप घेऊन. तिनं ती मोबाइलवर उतरवून घेतली आणि तिथंच दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणता तेव्हा हे गाणं असं लागत नाही." खरंय. आमचं म्हणून म्हणून गुळगुळीत झालंय.

धारूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही मारुतीच्या पारावर बसून ते वाजवलं. म्हाताऱ्या बाया गोळा झाल्या. खोकल्याच्या जागी एकजण उठून उभीच राहिली. "ही आमची जाऊ." नाव सांगितलं. जाऊ वारून पंधरा वर्षं झाली. म्हाताऱ्या जावेनं मोबाइल कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं, मोबाइल परत देईना. आम्ही नाव लिहून घेतलं आणि समाधानानं परतलो. पुढच्या आठवड्यात वडवणी तालुक्यात दुसऱ्या कामाला गेलो, तर सहज तिथल्या बायांना ऐकवलं. तिथं पन्नाशीची एक बाई म्हणाली, "ही माझी आई. आईला दमा होता. ती अशीच खोकायची." आई वारली करोनात. तिनंही नाव सांगितलं, ती शिबिराला गेली होती हेही सांगितलं, आणि ते बरोबर होतं, त्या गावच्या बाया आल्या होत्या.

आता काय करायचं? दोन्ही घरच्यांना आम्ही एकमेकींबद्दल सांगितलं. दोघीही ऐकेनात. जावेनं मला झापलं, "तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तिथं होता, तुम्हीच सांगा ना कोण होती." उत्तर नव्हतं. सप्टेंबरात पावसानं जिल्हा झोडपून काढला, शेतं वाहून गेली, माणसं वेगळ्याच कामाला लागली. त्यानंतर टोळ्या निघून गेल्या. म्हणून शोध तिथं थांबलाय.

वाटेत गाडीत त्या पोरीशी माझं पुन्हा भांडण झालं, या वेळी बरं. ती म्हणाली, "नावं लिहू, पण मला एक सांगा. मुलगी झाली हो म्हणून तुम्ही गात होता आणि आपल्या जिल्ह्यात मुली कमी होत गेल्या. गाण्यानं काय झालं?" आकडे तिला पाठ आहेत. हजार मुलांमागं सहा वर्षांखालच्या मुली, २००१ च्या जनगणनेत ८९४, २०११ ला ८०७. राज्यात सगळ्यात तळाला आम्ही. महाराष्ट्रानं गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा केला १९८८ ला, देशात पहिला. देशाचा कायदा १९९४ चा. तो असताना हे झालं. मग २०१९ ला सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ बायांची पिशवी काढलेली. "यावर तुमच्या कॅसेटमध्ये एक तरी गाणं आहे का?"

नाही. असणार कसं, ती १९८९ ची. पण तिचा मुद्दा तारखेचा नव्हता. तिचं म्हणणं, आम्ही त्या कॅसेटवर इतक्या खूश होतो, की पुढचं गाणं ऐकायला कान उघडे राहिले नाहीत. सोनोग्राफी गाण्यानं थांबत नाही, हे मी तिला सांगितलं आणि ती म्हणाली, ते मलाही कळतं. मग बराच वेळ आम्ही गप्प होतो.

मला वाटतं तिचं अर्धं बरोबर आहे. जुन्या गाण्यावर जीव असणं यात मला काही चूक दिसत नाही. माणसं पहिल्या गोष्टीला विसरत नाहीत, भाचा विसरत नाही, मीही विसरणार नाही, आणि आठ मार्चला मी तीच गाणी म्हणणार. पण आम्ही आवाजावर प्रेम केलं आणि बाईकडं पाहिलं नाही. १९८९ ला तिचं नाव लिहिलं असतं, तर नाव लिहायला म्हणून तिच्या गावी गेलो असतो. गेलो असतो तर पुढच्या हंगामात तिनं काय बांधलं ते कळलं असतं. मुकादमाच्या वहीवर गाणं बांधणारी बाई एकच गाणं बांधून गप्प बसली असेल, हे मला पटत नाही. पिशवीच्या ऑपरेशनावरही कुठल्या तरी कोपीत कोणी काही म्हटलं असेल. आमच्याकडं टेपरेकॉर्डर होता, नंतर तर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, आणि आम्ही जुनीच टेप वाजवत होतो. त्या पोरीनं मोबाइलवर आता एक वेगळी यादी सुरू केलीय. गावोगाव बाया जे नवं म्हणतात ते घेते, आधी नाव विचारते, मग गाणं. नावाबरोबर नवऱ्याचं नाव लावायचं की नाही तेही ज्या त्या बाईला विचारते. काहीजणी म्हणतात माझं नाव नको, घरी कळेल. त्यांचं लिहीत नाही. हेही मला तिच्याकडून शिकायला मिळालं, आम्ही कोणालाच विचारलं नव्हतं.

तुमच्या संघटनेच्या कपाटातही अशा कॅसेटी असतील. फीत बुरशीनं चिकटायच्या आत त्या उतरवून घ्या, आणि ज्या बाया त्या रात्री तिथं होत्या त्यांना गोळा करून ऐकवा. उशीर करू नका, आमच्या चौसष्टांपैकी किती उरल्यात ते मोजायला मला धीर होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की आम्ही पुन्हा निघणार आहोत.

कॅसेटच्या वेष्टनावर मी आता नवा कागद लावलाय. पुढं गाणारीच्या जागी दोन्ही नावं लिहिलीत, दोन्ही गावं लिहिलीत, आणि मधे 'किंवा'. खाली बाकीच्या, जेवढ्या आठवल्या आणि हो म्हणाल्या तेवढ्या. धारूरकडच्या त्या पारावर कागद लिहीत होते तेव्हा मागं बसलेली एक म्हातारी, जी सगळा वेळ काही बोलली नव्हती, काठी टेकत पुढं आली.

"माझं लिही. मी नव्हते म्हणत, मला गळा नाही. मी टाळ्या वाजवत होते."

मग तिनं मोबाइल पुन्हा लावायला लावला आणि टाळ्यांमधली तिची टाळी कोणती ते आम्हाला दाखवून दिलं.